पोटातले राखणदार

कोल्हापुरातून कोणत्याही बाजूला दहा-पंधरा मैल बाहेर पडले, की उसाच्या फडांआडून एखादी लांबट पत्र्याची शेड डोकावते. दोन्ही बाजूंना जाळी, जाळीवर गोणपाटाचे पडदे, आत भाताच्या तुसाची गादी आणि त्या गादीवर चिवचिवणारी हजारो पिल्ले. हॅचरीतून खोक्यात बसून आलेली ही पिल्ले अवघ्या एका दिवसाची असतात. त्यांच्या पहिल्या पाण्यात किंवा पहिल्या खाद्यात आता अनेक ठिकाणी एक पूड मिसळतात. ती पूड म्हणजे औषध नव्हे, टॉनिकही नव्हे. तिच्यात असतात जिवंत जंतू, तेही कोट्यवधी. पिल्लाला रोग होऊ नये म्हणून त्याला मुद्दाम जंतू पाजायचे, हा प्रकार आपल्या आजीला सांगितला असता तर ती तोंडाला पदर लावून हसली असती. पण तीच आजी रोज रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून मगच अंथरुणाला पाठ टेकत होती. म्हणजे जाणते-अजाणतेपणी हेच करत होती!

जंतूंचा बंदोबस्त जंतूंकडूनच करून घ्यावा, हा विचार शास्त्राच्या भाषेत आग्रहाने मांडणाऱ्या माणसाचे नाव इल्या मेचनिकॉफ. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला फार तर दोन ओळी येतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना खातात हे त्याने दाखवले आणि 1908 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, एवढेच. पण त्या दोन ओळींमागचे आयुष्य एका कादंबरीत मावणार नाही असे आहे. आणि त्या आयुष्याचा एक धागा मुंबईच्या परळपर्यंत आणि दुसरा आपल्याकडच्या या पत्र्याच्या शेडपर्यंत येऊन पोहोचतो.

मेचनिकॉफचा जन्म मे 1845 मधला. आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हच्या मुलखातले एक खेडे. वडील झारच्या रक्षकदलातले अधिकारी, पत्त्यांच्या नादात बराच पैसा घालवून जमिनीवर येऊन राहिलेले. आई ज्यू वंशाच्या लेखकाची मुलगी. पाच भावंडांत हा शेंडेफळ. एका जागी बसणे ठाऊक नाही, म्हणून घरात त्याला पारा म्हणत. त्याचा थोरला भाऊ इव्हान पुढे न्यायखात्यात अधिकारी झाला आणि ऐन उमेदीत वारला. टॉलस्टॉयची इव्हान इलिचच्या मृत्यूवरची प्रसिद्ध कथा याच भावावरून सुचली, असे मानले जाते.

पारा शाळेत पहिला, विद्यापीठात त्याहून पुढे. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला. मग जर्मनी, मग इटलीतले नेपल्स. समुद्रातले किडे, स्पंज, तारामासे यांची अंडी आणि पिल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहत तासन्‌तास बसायचे. डोळे दुखायचे, पैसे संपायचे, अधिकाऱ्यांशी भांडणे व्हायची. पण बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट आणि पंचविसाव्या वर्षी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात प्राध्यापकी, अशी त्याची चढण होती.

1869 साली त्याने लुडमिला नावाच्या मुलीशी लग्न केले. तिला क्षयाने असे पोखरले होते, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे हा तरुण प्राध्यापक बायकोला उबदार हवेच्या शोधात गावोगाव फिरवत राहिला. शिकवायचे, भाषांतरे करायची, पैसे जमवायचे आणि तिच्याकडे धाव घ्यायची. 1873 साली अटलांटिक समुद्रातल्या मदेराच्या बेटावर ती गेली. मेचनिकॉफ इतका खचला की त्याने आपलेही आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो फसला. त्याच दिवसांत जिनिव्हाच्या पुलावर दिव्याभोवती घोंघावणारे कीटक त्याच्या नजरेस पडले. काही तासच जगणाऱ्या, त्या अवधीत काही न खाणाऱ्या या जिवांना निसर्गाच्या निवडीचा नियम कसा लागू पडत असेल, असा प्रश्न त्याच्या मनात आला. प्रश्न पडला आणि माणूस जगायला तयार झाला. काही माणसांना प्रश्नच जगवतात, त्यांतला हा एक.

1875 साली त्याने दुसरे लग्न केले ते ओल्गाशी. ती त्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या कुटुंबातली शाळकरी वयाची मुलगी. पुढे ती त्याची विद्यार्थिनी, प्रयोगशाळेतली सहकारी आणि अखेर चरित्रकारही झाली. 1880 साली तिला विषमज्वराने गाठले. ती वाचली, पण जागरणे, विद्यापीठातले राजकारण आणि स्वतःच्या हृदयाच्या तक्रारी यांनी मेचनिकॉफ पुन्हा कोसळला. 1881 मध्ये त्याने उलट्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. मरायचेच तर शास्त्राच्या उपयोगी पडून मरावे, असा हिशेब त्यात होता. तो भयंकर आजारी पडला आणि बरा होऊन उठला तो आश्चर्य वाटावे अशा उत्साहाने. निराशेतून आशेकडे वळलेला हा माणूस नंतर कधी मागे फिरला नाही.

त्याच वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि रशियातली विद्यापीठे संशयाच्या छायेत गेली. 1882 साली मेचनिकॉफने राजीनामा दिला आणि ओल्गा व तिची लहान भावंडे यांना घेऊन सिसिलीतल्या मेसिना गावी बिऱ्हाड हलवले. नाताळच्या सुमाराचे दिवस. एका दुपारी घरातली सगळी मंडळी सर्कशीतल्या माकडांचे खेळ पाहायला गेली. हा एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी. समोर तारामाशाची पिल्ले होती, काचेसारखी आरपार दिसणारी. त्यांच्या अंगात काही पेशी स्वैर हिंडत होत्या. एकाएकी त्याला वाटले, या पेशी हिंडतात त्या रखवालीसाठी तर नसतील? तसे असेल तर अंगात काटा रुतला की त्या काट्याभोवती जमायला हव्यात. घराला लागून छोटी बाग होती. तिथले गुलाबाचे काटे आणून त्याने त्या इवल्या पारदर्शक अंगात खुपसले. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. पहाटे पाहतो तो काय, काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

आपल्या बोटात कुसळ गेले की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते, पू धरते. वैद्यकशास्त्र याला दाह म्हणते. त्या काळचे बहुतेक वैद्य दाह म्हणजे रोगच मानत. पुवात दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर पोहोचवतात, असेही पुष्कळांचे मत होते. मेचनिकॉफने चित्र उलटे करून दाखवले. या पेशी चोरांच्या साथीदार नाहीत, चोर पकडायला धावलेले शिपाई आहेत. सूज ही त्यांची धावपळ, ठणका हा त्या झटापटीचा आवाज. व्हिएन्नातल्या जाणकारांनी ग्रीक भाषेतून या पेशींना फॅगोसाइट असे नाव दिले. मराठीत आपण त्यांना भक्षकपेशी म्हणतो. 1891 साली पॅरिसमध्ये त्याने दाहावर व्याख्यानमाला दिली आणि पुढच्या वर्षी ती ग्रंथरूपाने आली. एकपेशी अमीबापासून माणसापर्यंत दाह कसा चढत गेला, याचा तो इतिहास होता.

पण पॅरिसला तो पोहोचला कसा, तेही सांगायला हवे. 1886 साली ओडेसात पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस देणारी संस्था निघाली आणि मेचनिकॉफ तिचा प्रमुख झाला. तो वैद्य नव्हता, म्हणून डॉक्टर मंडळी नाराज. त्यातच तो परगावी असताना सहकाऱ्यांनी टोचलेल्या काळपुळीच्या लशीने एका जमीनदाराची हजारो मेंढरे दगावली. कंटाळून त्याने लुई पाश्चरचे दार ठोठावले. पाश्चरने प्रेमाने जागा दिली आणि 1888 पासून अखेरपर्यंत, अठ्ठावीस वर्षे, पाश्चर इन्स्टिट्यूट हेच मेचनिकॉफचे घर झाले.

या ठिकाणी परळचा धागा जुळतो. ओडेसात मेचनिकॉफच्या वर्गात वाल्देमार हाफकिन नावाचा एक ज्यू विद्यार्थी होता. रशियात ज्यू तरुणाला प्राध्यापकीचे दार बंद. गुरू पॅरिसला गेल्यावर शिष्यही त्याच्या पाठोपाठ आला आणि 1889 मध्ये पाश्चरच्या संस्थेतल्या ग्रंथालयात साध्या नोकरीवर लागला. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात जंतू वाढवायचे. 1892 मध्ये याच हाफकिनने कॉलऱ्याची लस तयार केली, 1893 मध्ये ती घेऊन तो हिंदुस्थानात आला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका कोपऱ्यात बसून त्याने प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या प्लेगाने पुढे आपल्या कोल्हापूर संस्थानातही माणसांना गाव सोडून रानात झोपड्या बांधायला लावल्या. हाफकिनची लस तेव्हा घरोघर चर्चेचा विषय होती. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आजही त्याचे नाव सांभाळते आहे. ओडेसातल्या एका वर्गातून निघालेली वाट मुंबईच्या परळमध्ये कशी येऊन मिळाली, हे पाहिले की जग किती लहान आहे ते कळते.

शिष्य कॉलऱ्याच्या लशीत गुंतला असताना गुरूला त्याच कॉलऱ्याने वेगळ्याच कोड्यात टाकले. एकच पाणी पिणाऱ्या दोन गावांपैकी एकात साथ पसरते, दुसरे कोरडे राहते, हे कसे? 1892 च्या साथीत मेचनिकॉफ कॉलऱ्याचे जंतू स्वतः प्याला. त्याला काही झाले नाही. एका स्वयंसेवकालाही काही झाले नाही. मग दुसऱ्याला दिले, आणि तो मात्र मरणाच्या दारातून परत आला. या प्रसंगाचा मेचनिकॉफला जन्मभर धाक बसला. पण त्यातून त्याने एक सूत्र हाती घेतले. बशीत कॉलऱ्याच्या जंतूंशेजारी इतर जंतू वाढवले तर काही शेजारी त्यांना वाढू देत आणि काही त्यांना दाबून टाकत. प्रौढ सशाला कॉलरा होत नसे, पण आईच्या अंगावर पिणाऱ्या सशाच्या पिल्लाला होई. पिल्लाच्या आतड्यात अजून फारशी वस्ती झालेली नसते, हे त्याने हेरले. म्हणजे रोग होणार की नाही हे केवळ बाहेरून येणाऱ्या जंतूवर अवलंबून नाही. आत आधीपासून कोण राहते, यावरही आहे.

माझ्या मते मेचनिकॉफच्या साऱ्या आयुष्यातला सर्वांत दूरवर पोहोचलेला विचार हाच. आणि गंमत अशी, की त्याने स्वतः त्याचा अर्धाच अर्थ घेतला.

त्याला म्हातारपणाने पछाडले होते. माणूस लवकर झिजतो तो मोठ्या आतड्यात साठणाऱ्या आणि कुजणाऱ्या मळामुळे, असे त्याच्या मनाने घेतले. तिथले जंतू विष तयार करतात, ते अंगात भिनते आणि माणूस पिकतो. पुराव्यासाठी त्याने पक्ष्यांकडे बोट दाखवले. पक्ष्याचे मोठे आतडे अगदी आखूड, उडायचे असल्याने पोटात काही साठवून ठेवायचे नाही, आणि पाहा, पोपट किती वर्षे जगतो! त्याच्या आकाराचा सस्तन प्राणी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. याउलट जमिनीवर धावणारा शहामृग. त्याचे आतडे लांब, आणि एवढ्या देहाच्या मानाने आयुष्य कमी. मांडणी मोठी चतुर होती. पुढच्या काळात ती टिकली नाही. पण कोंबडीच्या पोटातल्या जंतूंचा प्रश्न शास्त्राच्या चर्चेत आणणाऱ्यांत तिचा वाटा आहेच.

मोठे आतडे कापून तर टाकता येत नाही. मग त्यात चांगली वस्ती करावी. दूध नुसते ठेवले तर नासते, विरजले तर टिकते. कारण विरजणातले जंतू आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटात कुजवणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. बल्गेरियातले शेतकरी आंबट दही खाऊन दीर्घायुषी होतात, अशी माहिती त्याच्याकडे आली होती. 1904 साली पॅरिसमध्ये म्हातारपणावर दिलेल्या व्याख्यानात त्याने दह्याची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हात त्या दह्यातला दांड्यासारखा जंतू ओळखला. वर्तमानपत्रांना एवढे पुरले. युरोप-अमेरिकेत दह्याचे पेव फुटले. औषधांच्या दुकानांत दह्याच्या गोळ्या आल्या, कंपन्यांनी मेचनिकॉफच्या नावाच्या जाहिराती केल्या. त्याने जपून लिहिलेल्या वाक्यांतला जपणारा भाग गाळून बाकीचा छापला गेला. आपला त्या नफ्याशी संबंध नाही, हे त्याला पुन्हापुन्हा सांगावे लागले.

ज्या घरात जेवणाच्या शेवटी वाटीभर ताक ठरलेले, त्या घराला यात नवल काय, असे आपल्याला वाटेल. पण आपल्या ताकाच्या मागे अनुभव होता, कारण नव्हते. मेचनिकॉफने कारण शोधले. ते चुकीचे ठरले तरी चालेल, पण तपासता येईल असे कारण. अनुभव आणि शास्त्र यांत फरक आहे तो एवढाच, आणि एवढा मोठा.

त्याच्याच अवतीभवती तपासणीही सुरू झाली होती. जंतूंशिवाय प्राणी जगणारच नाही, असे पाश्चरचे मत होते. ओल्गाने बेडकाची पिल्ले जंतुरहित वाढवून पाहिली आणि 1901 मध्ये तिचा निबंध प्रसिद्ध झाला. ती पिल्ले खुरटली. जर्मनीत कोंबडीची पिल्ले तशी वाढवली, तीही नीट वाढली नाहीत. अखेर 1912 मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्याच मिशेल कोएंदीने बंदिस्त, जंतुरहित पेटीत कोंबडीची पिल्ले काही आठवडे चांगली जगवून दाखवली. मेचनिकॉफला आनंद झाला. पोटातल्या जंतूंशिवाय भागते, हे त्याला हवेच होते. मात्र पेटीतले ते पिल्लू उघड्या जगात आले तर काय होईल, हा प्रश्न तेव्हा शिल्लक राहिला.

1908 चे नोबेल त्याला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक याच्याबरोबर विभागून मिळाले. वीस-पंचवीस वर्षे युरोपात दोन तट होते. मेचनिकॉफचे लोक म्हणत, पेशी जंतूंना खातात. जर्मन मंडळी म्हणत, रक्ताच्या पाण्यातले पदार्थ जंतूंना मारतात. नोबेल समितीने दोघांनाही पारितोषिक दिले. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हे पुढे सिद्ध झाले. पारितोषिकाच्या पुढच्या वर्षी, 1909 मध्ये, तो यास्नाया पोल्यानाला जाऊन टॉलस्टॉयला भेटला. मरणाचे भय कशाने जिंकावे, या एकाच प्रश्नाने दोघांनाही जन्मभर छळले होते. एकाने उत्तर धर्मात शोधले, दुसऱ्याने आतड्यात.

मग 1914 चे महायुद्ध आले. प्रयोगशाळा ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले. शास्त्र माणसाला शहाणे करील ही त्याची श्रद्धा होती, तिलाच तोफा लागल्या. हृदय आधीच नाजूक. अखेरच्या काळात त्याला पाश्चर ज्या खोल्यांत राहत असे तिथेच हलवले. स्वतःची नाडी, स्वतःचे श्वास यांची नोंद तो ठेवत होता. मेल्यावर आपली आतडी नीट पाहा, असे त्याने सहकाऱ्यांना बजावून ठेवले. 15 जुलै 1916 रोजी तो गेला. वय 71. शंभरी गाठून देणारा म्हणून वर्तमानपत्रांनी ज्याचा गाजावाजा केला, तो एकाहत्तरीत गेला म्हणून काहींनी थट्टा केली. पण त्याच्या घराण्यात हृदयविकार होता आणि त्यात इतकी वर्षे काढणे हेही कमी नव्हते. त्याची रक्षा त्याच संस्थेच्या ग्रंथालयात ठेवली आहे.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर मेचनिकॉफ हा भक्षकपेशींचा शोधक आणि दह्याचा वेडा म्हणूनच उरला असता. तिला पुढचे वळण दिले ते कोंबडीने.

1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असे आढळले, की खाद्यात थोडेसे प्रतिजैविक औषध मिसळले तर पिल्ले झपाट्याने वजन धरतात. जगभरच्या पोल्ट्रींनी ती युक्ती उचलली. आजार नसतानाही औषध रोज खाद्यातून. त्याची किंमत हळूहळू कळली. औषधांना दाद न देणारे जंतू तयार झाले आणि ते शेडमध्येच थांबले नाहीत. स्वीडनने 1986 साली वाढीसाठीची ही औषधे बंद केली, युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून. आपल्याकडे 2019 साली केंद्र सरकारने कोलिस्टिन या औषधाचा कोंबड्या-जनावरांतला वापर बंद केला. माणसाच्या गंभीर आजारात हाताशी उरलेल्या शेवटच्या औषधांपैकी ते एक आहे. कोंबडीच्या खाद्यातली चूक आपल्या घरातल्या रोग्याच्या खाटेपर्यंत येते, ती अशी.

मग औषधाऐवजी काय? त्याचे उत्तर आधीच सापडलेले होते. 1970 च्या सुमारास फिनलंडमध्ये ब्रॉयलर पिल्लांत साल्मोनेला जंतूंचा मोठा प्रादुर्भाव झाला. एस्को नुर्मी या शास्त्रज्ञाच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. गावठी कोंबडी खुडूक बसते, पिल्ले काढते आणि उकिरड्यावर घेऊन फिरते. आईच्या विष्ठेतून, पंखाखालून, मातीतून पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवसापासून योग्य जंतूंची वस्ती होते. हॅचरीतल्या पिल्लाला आईच भेटत नाही. त्याचे आतडे म्हणजे रिकामे घर, जो पहिला येईल तो मालक. नुर्मीने निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पातळ करून नव्या पिल्लांना पाजला. त्या पिल्लांत साल्मोनेलाला पाय रोवता आला नाही. सहकारी रांतालाबरोबर त्याने 1973 साली हे प्रसिद्ध केले. मेचनिकॉफच्या दूधपित्या सशाचा प्रश्न ऐंशी वर्षांनी कोंबडीच्या पिल्लाने सोडवला. इंग्लंडमध्ये रॉय फुलर हा शास्त्रज्ञ त्याच काळात कोंबडीच्या गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीतले दह्याच्या कुळातले जंतू अभ्यासत होता. 1989 साली त्यानेच प्रोबायोटिक या शब्दाची व्याख्या केली, तीच पुढे जगभर वापरात आली.

हे पाहुणे जंतू पोटात करतात तरी काय? एक, जागा अडवतात. भरलेल्या एस.टी.त नवा प्रवासी चढू शकत नाही, तसे. दोन, आंबटपणा आणि इतर काही पदार्थ तयार करून रोगजंतूंना जगणे अवघड करतात. तीन, आणि इथे मेचनिकॉफचा काटा पुन्हा भेटतो, ते आतड्याच्या अस्तराला आणि तिथल्या राखणदार पेशींना तालीम देतात. दाह हा शिपाई आहे हे खरे. पण शिपाई रोज रात्री विनाकारण दारे फोडू लागला तर घर राहील का? पिल्लाच्या आतड्यात दाह सतत धुमसत राहिला, की अस्तरावरची बोटांसारखी टोके आखडतात, खाल्लेले अंगी लागत नाही, विष्ठा पातळ होते, तूस भिजते, भिजल्या तुसातून आणखी रोग वाढतात. खाद्य पोटात जाते, पण ते मांस होण्याऐवजी दाहाच्या चुलीत जळते. चांगल्या जंतूंची वस्ती असली तर खऱ्या चोरावर धाव आणि एरवी शांतता, असा तोल राहायला मदत होते. आज दह्याच्या कुळातले जंतू वापरतात. तसेच बॅसिलस कुळातलेही वापरतात, कारण त्यांचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या करताना लागणाऱ्या उष्णतेत टिकतात.

ही पूड म्हणजे जादू नव्हे. कुठला जंतू, किती, कधी आणि कुठल्या शेडमध्ये, यावर गुण ठरतो. काही प्रयोगांत लाभ ठसठशीत दिसतो, काहींत दिसत नाही. रोग जोरात असताना ती उपचाराची जागा घेत नाही. गलिच्छ पाणी, कोंदट हवा आणि दाटीवाटी यांवर तर तिचा काहीच इलाज नाही. पूड घातली म्हणून तूस पालटायचे टाळले, तर ती पूडही वाया आणि पिल्लेही.

बँकेत असताना पोल्ट्रीच्या कर्जप्रकरणांच्या तपासणीला मी कितीतरी शेड पाहिल्या. दारामागे खिळ्याला एक वही अडकवलेली असे. रोजचे खाद्य किती, पाणी किती आणि मेलेली पिल्ले किती. त्या शेवटच्या रकान्यातला आकडा पाहिला की ताळेबंद न उघडताही त्या घराची स्थिती कळे. मुलीचे लग्न पुढे गेले की नाही, विहिरीवरची मोटर दुरुस्त झाली की नाही, सारे त्या एका रकान्यात. पिल्लाच्या इवल्याशा आतड्यात कोण राहते, हा प्रश्न पॅरिसच्या प्रयोगशाळेत जेवढा मोठा होता, तेवढाच त्या वहीच्या मालकालाही मोठा होता. फरक एवढाच, की त्याला तो कुणी समजावून सांगितला नव्हता.

मेचनिकॉफने कुजवणाऱ्या जंतूंचा द्वेष केला, जमले तर सारे आतडे निर्जंतुक करावे असे त्याला वाटे. पुढच्या शंभर वर्षांनी दाखवले ते उलट. पूर्ण जंतुरहित वाढवलेल्या प्राण्याची राखणच कच्ची राहते, त्याला थोडासा रोगजंतूही लोळवतो. स्वच्छ म्हणजे रिकामे नव्हे. निरोगी पोट हे भरल्या गावासारखे असते. तिथे भांडणे असतात, कुरबुरी असतात, पण चोर आला की चार दारे उघडतात आणि ओरड होते. हे त्याच्या अनुमानाविरुद्ध सिद्ध झाले, तरी ते त्याच्याच प्रश्नातून सिद्ध झाले. मोठ्या माणसाची उत्तरे कधीकधी जुनी होतात, त्याचे प्रश्न मात्र नव्या पिढीला कामाला लावतात.

म्हणूनच त्याची आठवण ठेवायची ती दह्यासाठी नव्हे, आणि नोबेलसाठीही नव्हे. रोग म्हणजे केवळ बाहेरचा शत्रू, त्याला औषधाने मारले की झाले, असे मानणाऱ्या काळात त्याने घराच्या आत डोकावून पाहिले. आत कोण आहेत, ते एकमेकांशी कसे वागतात आणि त्यांतले आपले किती, हे त्याने विचारले. शेडमधल्या पिल्लासाठी हा प्रश्न आता रोज विचारला जातो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दुकानातून प्रतिजैविकाची पट्टी आणताना तो आपणही एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही.